दिवाळीच्या उरलेल्या सामानातून नाताळची सजावट

दिवाळीचा खोका अजून माळ्यावर टाकला नसेल तर टाकू नका. अर्धा जिलेटिन पेपर, कंदिलाच्या झिरमिळ्या, एलईडीच्या माळा, किल्ल्याची माती, सगळं नाताळला परत कामाला येतं. डिसेंबर लागला की पुण्यात कॅम्पात, एमजी रोडला सगळं तयार मिळतंच, नाही असं नाही, पण ज्या घरात दिवाळीला कंदील घरी होतो त्या घरात नाताळची चांदणी विकत आणायचं काहीच कारण नाही, हात तोच, कात्री तीच, फक्त आकार वेगळा.

तर आधी चांदणी, कारण घरावर एकच गोष्ट लावायची असेल तर ती हीच. येशूच्या जन्माच्या वेळी दिसलेला बेथलेहेमचा तारा म्हणून पुण्यातली ख्रिस्ती कुटुंबं ती गॅलरीत किंवा दारावर लावतात. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशन चर्चच्या बाजूला डिसेंबरमध्ये संध्याकाळी चक्कर मारलीत तर डिझाइनच्या आयडिया फुकटात मिळतील.

पिवळी किंवा लाल जाड कार्डशीट घ्यायची, फुल साइज एक शीट पुरते, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळते (टू व्हीलर लांब लावा आणि चालत जा, एवढंच सांगते). कंपासने १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कोनमापकाने दर ७२ अंशावर खूण करा, पाच खुणा होतील, मग एक सोडून एक अशा खुणा पट्टीने जोडत जा, चांदणी तयार. कोनमापक सापडत नसेल तर दोन खुणांमधलं सरळ अंतर साधारण १७.६ सेंमी धरा. अशा दोन चांदण्या काढायच्या, पण एकीला सगळ्या कडांना बाहेरून १ सेंमी जास्तीची पट्टी ठेवून कापायची, ती चिकटवायला लागते. पट्टी आतल्या खाचांशी आणि टोकांशी कात्रीने तिरकी कापून घ्या नाहीतर तिथे कागद चोळामोळा होतो.

आता खरी गंमत इथे आहे. शाई संपलेलं बॉलपेन घ्यायचं आणि फूटपट्टी लावून मध्यापासून प्रत्येक टोकापर्यंत एक जोरकस रेघ ओढायची, मग मध्यापासून प्रत्येक आतल्या खाचेपर्यंत एक. दहा रेघा झाल्या. टोकाकडे जाणाऱ्या पाच घड्या वर उचलायच्या आणि खाचेकडे जाणाऱ्या पाच आत दाबायच्या, आणि सपाट कागद एकदम फुगून उभा राहतो, पोरांना हे फार आवडतं, ही पायरी त्यांनाच करू द्या. बॉलपेनची रेघ न ओढता नुसती घडी घातली तर कार्डशीट वाकडीतिकडी तडकते आणि मग काही केल्या सरळ होत नाही.

दोन्ही भाग चिकटवायच्या आधी, हे महत्त्वाचं, आधी प्रत्येक पाकळीत कटरने छोटे त्रिकोण नाहीतर गोल कापून घ्या आणि आतून रंगीत जिलेटिन किंवा पतंगी कागद लावा. एकदा चांदणी बंद झाली की आत हात जात नाही. मग पट्टीला फेविकॉल लावून दोन्ही भाग जोडायचे आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवायचे. गव्हाच्या पिठाची खळ इथे नको, डिसेंबरात पहाटे दव पडतं आणि गॅलरीतल्या चांदणीची खळ सुटते, शिवाय झुरळं येतात ते वेगळंच. वरच्या टोकाची एक बाजू उघडी ठेवा, तिथून दीड-दोन मीटरची एलईडी माळ आत सारायची. होल्डर आणि बल्ब या मापात मावत नाही, आणि जुना पिवळा बल्ब तर कागदात अजिबात नको, तापतो. खाली दिवाळीच्या कंदिलाच्या झिरमिळ्या लावल्या तर बघणारे म्हणतील हा काय आकाशकंदील का, म्हणू देत, छान दिसतं.

दुसरी गोष्ट गव्हाणी. तेराव्या शतकात, १२२३ साली, असिसीच्या संत फ्रान्सिसनी इटलीतल्या ग्रेच्चो गावात खराखुरा बैल, गाढव आणि गवत ठेवून येशूजन्माचा देखावा मांडला होता, तिथून ही गव्हाणी मांडायची पद्धत लोकांत फार पसरली. आपल्याला तर हे सोपंच, दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना देखावा कसा मांडायचा ते शिकवावं लागत नाही. बुटांचा खोका आडवा ठेवायचा, आतून खाकी कागद, छपरावर नारळाच्या शेंड्या नाहीतर सुकलं गवत. पुढे एका ताटात किल्ल्याची माती २ इंच पसरायची आणि त्यावर हळीव पेरायचा.

हळीव भिजवून पेरू नका, भिजला की बुळबुळीत होतो आणि गोळे गोळे पडतात. माती ओली करा, कोरडा हळीव चिमटीने भुरभुरवा, वरून स्प्रेनी पाणी आणि दोन दिवस ओलं फडकं झाका. कोंब आले की फडकं काढून खिडकीत ठेवायचं. थंडीत जरा हळू उगवतो म्हणून १५-१६ तारखेला पेरला तर २४ ला चांगली हिरवळ असते. रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

मूर्ती कसब्यातल्या कुंभारवाड्यात बघा किंवा घरी शाडूच्या करा. मेंढपाळ पाहिजेत तर किल्ल्यावरच्या गवळणी आणि गाई चालतात की, आमच्याकडे डोक्यावर घडा घेतलेली गवळण दरवर्षी मरियेचा नवरा योसेफ याच्या शेजारी उभी असते, कुणाची काही हरकत नाही. ढाल-तलवारवाला मावळा मात्र नको बरं का. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्री ठेवतात, तोवर बाळाची जागा रिकामी. आणि बाळ येशूला बघायला येणारे तीन राजे पहिल्या दिवसापासून तिथे नसावेत, ते लांबून येतायत ना, त्यांना टीव्हीच्या टेबलावर ठेवा आणि रोज वीतभर पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचतात. घरातल्या सगळ्यात छोट्या मेंबरला ही ड्यूटी द्यायची.

झाडाचं म्हणाल तर प्लास्टिकचं आणण्यापेक्षा सोसायटीत छाटणी झाली की एक चांगली फाटे फुटलेली वाळकी फांदी उचलून आणा, कुंडीत वाळू-खडे घालून उभी करा. पेरूची फांदी मस्त दिसते. त्यावर सुरूची छोटी बोंडं, रविवार पेठेत मिळणारी घुंगरं, लाल लोकर असलं काय काय टांगा. बर्फ दाखवायला थर्माकोल नको, राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि पुण्यात बर्फ हवाय कशाला.

संत्र्याच्या चकत्या मात्र जरूर करा. बाजारात नागपुरी संत्री आलेलीच असतात. पाव इंच जाडीच्या आडव्या चकत्या, फडक्याने दाबून रस टिपायचा, ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये) १०० डिग्रीला जाळीवर तीन-चार तास, मधे दोनदा उलटायच्या. ओटीजी नसेल तर गच्चीत कडक उन्हात चार-पाच दिवस, वर जाळी, रात्री घरात. बोटाला चिकट लागत नाही तोवर वाळवा, ओल राहिली तर मुंग्यांची रांग लागते. दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवायच्या, मधेमधे दालचिनीचा तुकडा. खिडकीत टांगल्या की उन्हात काचेसारख्या चमकतात आणि खोलीला वासही येतो.

साखळ्या तर सगळ्यांनाच येतात, त्यासाठी वर्षभराची जुनी कॅलेंडरची पानं वापरा, कागद जाड असतो. लाल पोस्टर कलरचा एक हात दिला की झालं.

६ जानेवारीनंतर उतरवायचं. चांदणीतली माळ आधी काढून घ्या, चांदणी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवा, वर काहीही न ठेवता, दोन-तीन वर्षं सहज टिकते. संत्र्याच्या चकत्या ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी येते. हळीव कापून सॅलडमध्ये टाकता येतो, माती साध्या बागेतली असेल आणि त्यात रंग सांडला नसेल तर, नाहीतर तसाच कुंडीत उलटा करा.