पियानोची उदास धून गिटारवर: सहावी तार उतरवा

पियानोची संथ धून एकट्या गिटारवर वाजवताना खर्ज धरून ठेवण्यात डावा हात अडकतो आणि सूर मध्येच तुटतो. फ्रेंच संगीतकार एरिक सातीची १८८८ ची पहिली ‘जिम्नोपेदी’ ही पियानोची धून बसवताना मला हे फार जाणवलं.

१. सहावी तार ‘ई’वरून ‘डी’ला उतरवा. मोकळ्या चौथ्या तारेसोबत छेडा; आवाजातली थरथर थांबली की जुळली.

२. ‘डी’चा खर्ज मोकळाच वाजू द्या. किती वेळ घुमतो, ऐका! ‘जी’ आता याच तारेच्या पाचव्या पडद्यावर (फ्रेटवर) मिळेल.

३. हात पुरत नसेल तिथे मधले सूर गाळा, चालीचा एकही नको.

आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला मे महिन्यात टिनाखाली खोली भट्टीसारखी तापते. तरी गिटार कूलरसमोर ठेवू नका, ओलाव्यानं लाकूड फुगतं. दुपारी जुळवलेली तार रात्री पुन्हा तपासा.