घोडा हवाय? आधी वही उघडा

घोड्याचा विषय काढला की आईबाबा 'नाही' म्हणतात, कारण त्यांना खर्च दिसतो आणि चार दिवसांत ओसरणारी हौस दिसते. रडून किंवा हट्ट करून काही होत नाही. हे करा:

१. तबेलेवाल्यांना विचारून तीन महिने काम करा. नुसती रपेट नको. लीद उचलणं, खरारा करणं, खुरात अडकलेले खडे काढणं. पावसातही जा. घरचे बोलत नसले तरी तुमचे चिखलाचे बूट रोज बघत असतात.

२. तिथलेच आकडे वहीत लिहा. ५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण ८ ते १० किलो सुका चारा लागतो, पाणी ३० लिटरच्या आसपास. खुरं दर ६ ते ८ आठवड्यांनी कापावी लागतात. शिवाय लसी, जंताचं औषध, जागेचं भाडं आणि अचानक पोटशूळ उठला तर डॉक्टरांसाठी वेगळी शिल्लक.

३. घोडा २५-३० वर्षं जगतो. शिक्षणासाठी बाहेर गेलात तर त्याला कोण बघणार? आईबाबा हे विचारणारच, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवा.

४. वही दाखवून थेट खरेदी मागू नका. सहा महिने एखाद्याचा घोडा खर्चात वाटा उचलून सांभाळायची परवानगी मागा. याला होकार मिळणं खूप सोपं जातं.

एक जपा: शिंगरू मागू नका. 'सोबत वाढू' ही कल्पना गोड आहे, पण नवख्या स्वाराला शांत, शिकवलेला, वयाने पोक्त घोडाच हवा.