विटी उडतच नाही? घरी विटी-दांडू करताना या चुका टाळा

सुट्टीत पोरांसाठी विटी-दांडू करायला बसलं की आपण दांडू तासण्यात दोन तास घालवतो आणि विटी दहा मिनिटांत उरकतो. खेळ तिथंच बिघडतो. दांडू थोडा वाकडा असला तरी चालतो, विटीला मात्र माफी नाही.

टोकावर मारलं की विटी जागच्या जागी गरगरते, वर येत नाही, ही नेहमीची तक्रार. विटी सपाट फरशीवर लोळवा आणि टोकाकडे बघा. टोक एकदा वर, एकदा खाली असं हेलकावत असेल तर ते मध्यावर नाही. तासण्याआधी दोन्ही कापांवर पेन्सिलीनं फुली मारून मध्य काढला असता तर हे टळलं असतं. आता कानशीनं जड बाजू घासत जा. सहा इंच लांब, सव्वा इंच जाड विटीला दोन्हीकडे साधारण सव्वा इंचाचा उतार पुरतो. उतार आखूड असला तर दांडूला मारायला जागाच उरत नाही. फार लांब केला तर टोक चौथ्या टोल्याला तुटतं. आणि टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार करू नका. हरभऱ्याएवढं बोथट ठेवा, समोर झेलणाऱ्याचे डोळे असतात.

विटी उभी चिरली तर दोष बहुधा लाकडाचा. बारीक फांदी घेतली की तिचा मऊ गाभा नेमका टोकात येतो. त्यापेक्षा मनगटाहून जाड ओंडका उभा फोडा आणि गाभा सोडून बाजूचा तुकडा घ्या. बाभूळ उत्तम, पण वाळली की लोखंडच, कोयता उसळतो. म्हणून ओली असतानाच ओबडधोबड आकार द्या, दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्तीचे ठेवा, कापांना मेण लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा. लाकूड टोकांकडून लवकर सुकतं, म्हणून चिरा तिथूनच पडतात. उन्हात घातलंत तर मेहनत वाया. गाठ असलेला तुकडा चुलीत.

दांडूला व्हार्निश नको, घामानं निसटतो. घासकागद मारून जवसाचं तेल चोळा. गोडंतेल चिकट राहतं.

दोन्ही गटांसाठी वेगवेगळे दांडू करणार असाल तर लांबी एकच ठेवा, दोन फुटांच्या आत. अंतर दांडूनंच मोजायचं असतं, वकट, लेंड, मूंड, नाल करत. (तेलुगूतले ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, म्हणजे एक, दोन, तीन, चार, आठवले ना?) एक दांडू दोन इंचांनी आखूड निघाला, की नाल कुणाचा यावरून जी हमरीतुमरी होते ती कानशीनं मिटत नाही.