पीझो चकती पंखात बसवण्याआधी

विद्युतदाब दिला की वाकणारी पीझो चकती वापरून विमानाच्या पंखावरून सुटणारी हवा पुन्हा चिकटवायची, हा विषय मी एम.टेक.च्या प्रकल्पाला घेतला तेव्हा माझं सगळं लक्ष पंखाकडे होतं, चकतीकडे नव्हतंच. त्यात तीन महिने गेले. म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते, सुरुवात टेबलावर करा, विंड टनेलमध्ये, म्हणजे पंखावर वारा सोडून पाहायच्या बोगद्यात, नको.

पंखाचा कोन वाढवत नेला की वरच्या पृष्ठभागालगतचा मंदावलेला हवेचा थर पृष्ठभाग सोडतो आणि उचल घटते. हाच स्टॉल. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रान्टलने 1904 मध्येच हा थर समजावला आणि तो शोषून घेतला तर हवा चिकटून राहते हेही दाखवलं. पण शोषायला पंप हवा, नळ्या हव्यात. पीझोचं मला वाटणारं सौंदर्य इथेच आहे. पितळी चकतीवर सिरॅमिकचा पातळ थर असतो. उलटसुलट विद्युतदाब दिला की चकती आतबाहेर वाकते आणि मागच्या छोट्या पोकळीतली हवा फटीतून बाहेर फेकते, पुन्हा आत ओढते. बाहेरून हवा न आणताही भोवऱ्यांचा झोत तयार होतो. हे सिंथेटिक जेट.

माझी पहिली चकती मी मऊ सिलिकॉनने चिकटवली होती. कडा घट्ट धरलेली नसल्याने झोत जेमतेम जाणवायचा. कडा आवळल्यावर 1400 हर्ट्झच्या आसपास जोरदार झोत मिळाला. तो हॉट वायरने, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या तापवलेल्या बारीक तारेने, मोजताना एक लक्षात ठेवा: तारेला दिशा कळत नाही. फटीच्या तोंडाशी ओढलेली हवाही फेकलेल्या हवेसारखीच दिसते, म्हणून एका आवर्तनात दोन शिखरं येतात.

खरी अडचण पुढे आली. सुटलेल्या प्रवाहाची लांबी 15 सेंटिमीटर आणि वारा सेकंदाला 15 मीटर असेल, तर त्याला साधारण 100 हर्ट्झचा धक्का मानवतो. त्या वारंवारितेला माझी चकती जवळपास गप्प! मग चकती 1400 वरच चालवली, पण सेकंदाला 100 वेळा चालू-बंद करत.

आणि हो, अ‍ॅम्प्लिफायर बंद केला तरी चकतीत विद्युतभार उरतो. हात लावण्याआधी तो उतरवा.

चकती अशी चालू-बंद करत पहिल्यांदा चालवली त्या संध्याकाळी पंखावर चिकटवलेले लोकरीचे दोरे आधी उलटसुलट फडफडत होते. स्विच टाकला आणि पुढच्या कडेपासून निम्म्या पंखापर्यंतचे दोरे एकेक करून मागे वळून पृष्ठभागावर निजले.