पाळणाघराच्या दारात होणाऱ्या चुका

सगळ्यात धोक्याची चूक औषधाची. पहाटे अंग गरम लागलं, पॅरासिटामॉल पाजलं, ताप उतरला, मूल आमच्या पाळणाघरात सोडलं आणि काहीच सांगितलं नाही. ‘ताप होता म्हटलं तर परत पाठवतील’ ही भीती असते. रजा शिल्लक नसते, हे मला चांगलं कळतं. पण चार-सहा तासांत औषधाचा अंमल ओसरतो आणि मूल फणफणतं.

एकदा एक बाबा लेकाला सोडून गेले. पिशवीत बाटली आणि चिठ्ठी: ‘ताप आला तर एक चमचा.’ साडेदहाला अंग तापलं. बाटली उघडण्याआधी मी आईला फोन लावला, तेव्हा कळलं की साडेसातला एक डोस देऊन झालाय आणि बाबांना ते ठाऊकच नव्हतं. ‘एक चमचा’ हाही घोटाळाच. हे सिरप 5 मिलीला 120 मिलिग्रॅमचं येतं आणि 250 मिलिग्रॅमचंही. बाटली बदलली की त्याच चमच्यात दुपटीहून जास्त औषध जातं. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं नाव, बाटलीवरचा आकडा, किती मिली, शेवटचा डोस किती वाजता, एवढं लिहाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो असला तर फारच बरं.

संध्याकाळची चूक वेगळी. ‘कसा होता आज?’ असं विचारलं की मुलं सांभाळणारी ताई म्हणणार, ‘छान होता, काही त्रास नाही दिला.’ दोघंही दमलेले, विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा विचारा: डब्यातलं काय उरलं? दुपारी किती वाजता झोपला? शी कशी झाली? ताईला लगेच आठवतं की खिचडी खाल्ली, पण दुधाची बाटली ढकलून दिली.

घरातले बदल न सांगणं ही चूक पालकांना चूक वाटतच नाही. आमच्याकडची दोन वर्षांची एक मुलगी अचानक दुपारी झोपेना. गादीवरून उठून दाराशी जायची, चपलांच्या ढिगात एक-एक चप्पल उचलून बघायची. आम्ही गाणी म्हटली, थोपटलं, काही उपयोग नाही. चौथ्या दिवशी आई सहज बोलली, ‘सासूबाई गावी गेल्या ना.’ ती आजीच्या चपला शोधत होती! त्या दुपारी व्हिडिओ कॉलवर आजी दिसली आणि पोर माझ्या मांडीवरच झोपली. आजारपण, भांडण, घर बदलणं, नवं बाळ येणार असणं, यातलं सगळं सांगू नका, पण ‘घरी जरा गडबड आहे’ एवढं तरी सांगा.

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली. तेव्हापासून पालक आधी कॅमेऱ्याचं विचारतात. विचारायलाच हवं. पण मूल जेवत नाही एवढंच कॅमेरा दाखवतो, का जेवत नाही ते ताईच सांगू शकते. मधेच येऊन बघायची मुभाही मागा. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येतं, असा नियम मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या सुधारणेने आणला. गल्लीतल्या पाळणाघराने एकदाही आत येऊ दिलं नाही, तर मूल तिथे ठेवू नका.

आमच्या बाजूची चूक म्हणजे लपवणं. टेंगूळ आलं तर पालकांना ते अंघोळ घालताना दिसता कामा नये, फोन त्याच वेळी जायला हवा. आणि दुसरं मूल चावल्याचा राग पालकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काढू नये. दीड-दोन वर्षांची मुलं बोलता येत नाही म्हणून चावतात. ताईशी एकटीशी बोला, मुलासमोर नको.

न्यायला दुसरं कुणी येणार असेल तर सकाळीच कळवा, फोटो पाठवा. मूल ‘आत्या’ म्हणत धावलं तरी तुम्हाला फोन लागेपर्यंत मी दार उघडत नाही. आत्याला राग आला तरी चालेल.