डेशूट्सवर स्टीलहेडसाठी निघण्यापूर्वी

सप्टेंबरात ओरेगनमधल्या डेशूट्स नदीवर, मॉपिन गावी स्टीलहेड माशासाठी जायचं ठरलं की पोर्टलंडकडची मंडळी सगळ्यात आधी फ्लायच्या, म्हणजे पिसं-दोरा बांधलेल्या गळांच्या डब्या उघडून बसतात. माझ्या यादीत डबी जवळजवळ शेवटी येते. स्टीलहेडला फ्लाय स्विंग करायची म्हणजे ती धारेतून आडवी, एका संथ चालीने किनाऱ्याकडे यायला हवी. डेशूट्सचं पाणी ते सहजासहजी होऊ देत नाही: तळाला बेसॉल्टच्या पायऱ्या, मधूनच बुडालेले धोंडे, एकाच रनमध्ये, म्हणजे नदीच्या एका सलग वाहत्या पट्ट्यात, तीन वेगांच्या धारा. म्हणून तयारी माशाआधी धारेची.

पहिलं काम घरबसल्या होतं. ओरेगनच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचे चालू नियम वाचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट; किती परतले यावर हंगाम चालू राहतो किंवा मध्येच थांबतो. २०२१ मध्ये परतणारे मासे इतके कमी होते की डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारी बंद ठेवावी लागली. त्यामुळे मॉपिनची खोली बुक करण्याआधी खात्याची घोषणा बघावी. परवान्याबरोबर सॅमन-स्टीलहेडचा टॅग आणि कोलंबिया खोऱ्याचं एंडॉर्समेंट, म्हणजे जादा परवानगी, लागते. बोटीने जाणार असाल तर बोटर पास वेगळा. आणि बोट फक्त ये-जा करायला: डेशूट्सवर तरंगत्या बोटीतून गळ टाकता येत नाही, खाली उतरून पाय टेकवूनच टाकावा लागतो.

मग पाणी. डेशूट्स कोलंबिया नदीला मिळण्याआधी मूडी इथे सरकारी मापनकेंद्र आहे, त्याचा आकडा इंटरनेटवर दिसतो. उन्हाळ्याअखेरीस तो साधारण सेकंदाला चार ते पाच हजार घनफूट असतो आणि फारसा हलत नाही, कारण नदीला बरंचसं पाणी झऱ्यांतून येतं. गोची करते ती व्हाइट रिव्हर. ती माउंट हूडच्या हिमनदीतून येते आणि मॉपिनच्या खाली डेशूट्सला मिळते. डोंगरावर चार दिवस कडक ऊन पडलं किंवा जोराचा पाऊस झाला की ती राखाडी गाळ घेऊन उतरते आणि संगमाखालची डेशूट्स गढूळ होते. म्हणून पोर्टलंडपेक्षा माउंट हूडचं हवामान बघा, आणि संगमाच्या वरच्या अंगाच्या दोन-तीन जागा राखून ठेवा. थर्मामीटर खिशात हवाच. पाणी २० अंश सेल्सिअसवर गेलं की गळ आवरता घ्यावा; कोमट पाण्यात झुंजलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

नकाशावर सावल्याही आखून घ्या. खालची डेशूट्स उत्तरेकडे वाहते आणि मासा तोंड वरच्या अंगाला करून उभा राहतो, म्हणजे दुपारचं दक्षिणेचं ऊन थेट त्याच्या डोळ्यांत. सकाळी पूर्वेचा कडा पाण्यावर सावली धरतो, संध्याकाळी पश्चिमेचा. कुठल्या रनवर सावली किती वाजेपर्यंत टिकते ते टिपून ठेवलंत की दिवसाचा क्रम आपसूक ठरतो. दुपारी झोप काढा, खरंच.

पायांवर मात्र काटकसर नको. बुटांना धातूचे खिळे हवेत, कारण इथल्या धोंड्यांवर शेवाळाचा थर असतो आणि साध्या रबरी तळाची तिथे डाळ शिजत नाही. हातात काठी. वेडर्सवर, म्हणजे पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीवर, कमरेचा पट्टा करकचून आवळलेला, पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. पोलरॉइड चष्मा माशापेक्षा पाऊल कुठे टाकायचं ते बघायला. धारेकडे तोंड करून, एका वेळी एक पाय उचलत तिरकं सरकायचं. एक सापळा आधीच डोक्यात ठेवा: गोट्यांच्या उथळ जिभेवरून खालच्या अंगाला चालत जाणं फार सोपं असतं, परतताना तीच धार छातीवर येते. परतीची वाट दिसत नसेल तर पुढचं पाऊल टाकायचं नाही.

रॉड दोन हातांचा, साडेबारा-तेरा फुटी, सात नंबरच्या लाइनचा. लाइनी दोन. हेड म्हणजे लाइनचा पुढचा जड भाग. तरंगणारं, हलकं स्कँडी हेड आणि त्यापुढे दहा-बारा फुटी लीडर, म्हणजे फ्लायकडे जाणारा बारीक दोरा, सकाळ-संध्याकाळसाठी. दुपारी किंवा गढूळ पाण्यात आखूड, जड स्कॅजिट हेड आणि टी-८ या हलक्या प्रकारचं दहा फुटी बुडणारं टोक. टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा दोरा, दहा-बारा पौंडी. टी-१४ वगैरे जड टोकं हिवाळ्यातल्या गार नद्यांसाठी ठेवा, इथे ती खडकात अडकवून गमावाल.

आता खरी तयारी: लाइन ओढायच्या आधी किनाऱ्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. माणसाच्या चालीने वाहणारं, कमरेपासून डोक्याइतकं खोल पाणी कुठे आहे ते शोधा. स्टीलहेड बहुधा तिथे थांबतो. मग तुमच्या आणि त्या पाण्याच्या मध्ये किती धारा आहेत ते मोजा. नेहमीचा पेच असा: पायांशी संथ पाणी, मध्ये जोराची जीभ, पलीकडे हवं ते मऊ पाणी. ४५ अंशात लाइन टाकली की मधली जीभ तिचं पोट पकडून खाली खेचते, लाइनची कमान होते आणि फ्लाय चाबकासारखी सुटते. यावर उपाय लांब टाकण्यात नाही. आणखी वर जाऊन उभे राहा आणि लाइन जास्त खालच्या अंगाला टाका, म्हणजे कमान होण्याइतकी ती आडवी पडतच नाही. पडताक्षणी रॉडच्या टोकाने पोट उचलून वरच्या अंगाला ठेवा, म्हणजेच मेंड करा, आणि रॉड उंच धरून जिभेवरची लाइन पाण्याबाहेर ठेवा. मेंड एकदाच, सुरुवातीला. फ्लाय आडवी निघाल्यावर सारखे मेंड करणारा माणूस तिला दर वेळी थांबवत असतो.

फ्लाय किनाऱ्याजवळच्या संथ पाण्यात आली की उलटा प्रश्न येतो: तिची चाल मरते. तिथे छोटा मेंड खालच्या अंगाला, किंवा रॉडचं टोक हळूहळू किनाऱ्याकडे न्यायचं. बुडालेल्या धोंड्यामागे पाणी खालून उकळून वर येतं तिथे लाइनकडे नीट बघा. टोक क्षणभर लटकं पडतं, मग परत ताणतं. या ताणण्याच्या जागी फ्लाय असेल अशा बेताने पुढची फेक टाका. लाइन सरळ खाली लोंबू लागली तरी थोडं थांबा, मग दोन पावलं खाली सरकून पुन्हा. आणि सुरुवात नेहमी आखूड फेकीने. पहाटे मासा गुडघाभर पाण्यातही असतो, लोक त्याच्यावरच उभे राहतात.

वारा दुपारी दरीतून वरच्या अंगाला वाहतो. त्यासाठी सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी ही दोन हातांच्या रॉडची फेक यायला हवी, नाहीतर गळ स्वतःच्या कानात. हे हिरवळीवर शिकता येत नाही, लाइन धरून ठेवायला पाणी लागतं. आधी एखादी सकाळ सँडी नदीवर ऑक्सबो पार्कला घालवा.

फ्लाय: ग्रीन बट स्कंक, एखादी मडलर, गढूळ पाण्यासाठी काही काळी-जांभळी. झालं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून घ्या.

मासा लागला तर काय करायचं हेही आधी घोकून ठेवा. कोकणात गरवायला बसलेल्या माणसाचा हात टोच लागली की चटकन वर जातो. इथे तो आवरायचा. मासा फ्लाय घेऊन वळतो, लाइन रिळावरून सुटू द्यायची, वजन आलं की रॉड आडवा किनाऱ्याकडे न्यायचा. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर मासा नैसर्गिक पैदाशीचा, सोडायचाच. पर कापलेला असेल तर हॅचरीचा, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातला. बघणं, गळ काढणं, फोटो, सगळं तो पाण्यात असतानाच.

गाडीत कोरडे कपडे, भरपूर पाणी, टॉर्च. दरीत रॅटलस्नेक असतात, किनाऱ्याला पॉयझन ओक, म्हणजे अंगाला खाज-पुरळ आणणारं झुडूप असतं, म्हणून झुडपांतून वाट काढताना काठी पुढे ठेवा आणि वेडर्स उतरवल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.