पेरणी यंत्राचे जाम बोल्ट रोहिणीच्या आत सोडवा

मृग तोंडावर आलाय आणि पेरणी यंत्रं अजून गोठ्यामागे तशीच उभी आहेत. हरभरा पेरून जशी आणून लावली तशीच. वाण कोणतं घ्यायचं यावर पारावर रोज चर्चा होते, पण फणाचा, म्हणजे जमिनीत चर पाडणाऱ्या दात्याचा, बोल्ट फिरतो की नाही हे कुणी बघत नाही. सोयाबीन पट्ट्यात दर खरिपात या एका दुर्लक्षापायी पेरण्या फसताना मी पाहतो. म्हणून बाकीचं नंतर, आधी हे.

हरभऱ्याला दोन ओळींत 30 सेंमी अंतर ठेवलं होतं, सोयाबीनला 45 लागतं. हरभरा खोल जातो, सोयाबीन मात्र 3 ते 5 सेंमीवरच पडायला हवं. म्हणजे प्रत्येक फणाची क्लॅम्प सैल करून सरकवावी लागते आणि फण वर घ्यावा लागतो. 9 फणांच्या यंत्राला फणामागे दोन धरले तरी 18 बोल्ट झाले. यातले निम्मे गंजून बसलेले असतात, कारण पेटीत उरलेलं खत हवेतला ओलावा ओढतं आणि ते पाणी नळ्यांवरून, फ्रेमवरून थेट आट्यांत उतरतं. खताचं पाणी लोखंड खातं.

मग 75 ते 100 मिमी पाऊस होतो, वाफसा येतो, म्हणजे रान पेरणीजोगं होतं, आणि त्या सकाळी पाना काढला जातो. नट हलत नाही. पान्याला पाइप लावला जातो. 25 सेंमीच्या पान्याला मीटरभर पाइप लावला की तेवढ्याच ताकदीत चौपट जोर पडतो. त्यात पान्याचं तोंड फाकतं, नाहीतर गोटी (सॉकेट) तडकते, नाहीतर बोल्ट मुळातून तुटतो. माणूस तालुक्याला पळतो. दुपारी परत पाऊस, काळ्या रानात चार-पाच दिवस पाय ठेवता येत नाही. काहीजण वैतागून आहे त्याच खोलीवर पेरून टाकतात. वर पाऊस बसला की जमीन चोपते आणि कोंब आतच वाकडा होऊन सडतो. पुढे बियाण्याच्या नावाने तक्रार होते.

आजच हे करा.

यंत्र सपाट जागी उतरवा, खाली लाकडी ओंडके द्या. हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली कुणीही शिरायचं नाही, ट्रॅक्टर बंद असला तरीही. तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेले आटे आधी स्वच्छ करा. हे न करता नट फिरवला की गंज आट्यांत रुतून नट मध्येच अडकतो, आणि बहुतेक बोल्ट तिथेच तुटतात. मग डिझेलमध्ये थोडं हायड्रॉलिक तेल मिसळून ते आट्यांत सकाळ-संध्याकाळ सोडा, निदान दोन दिवस. माझा अंदाज असा की मेच्या उन्हात लोखंड दिवसा तापतं, रात्री निवतं, त्यात तेल आपोआप आत ओढलं जातं. म्हणून यंत्र सावलीत नको, उन्हात ठेवा. कुठल्या पुस्तिकेत हे सापडणार नाही, पण उन्हातले बोल्ट लवकर सुटलेले मी पाहिलेत. दुकानदार महागडा स्प्रे पुढे करेल. वाईट नसतो, पण वेळ हातात असेल तर त्याची गरज नाही.

तेल मुरलं की नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके टोले द्या. पाना सहा बाजू धरणारा रिंग किंवा गोटीचाच घ्या. दुतोंडी फिक्स पाना पहिल्या झटक्याला वापरू नका, तो दोनच बाजू धरतो आणि नट गोल करतो. 19 च्या नटाला 20 चा पाना ‘चालतो’ म्हणून लावू नका. आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने दाबा, मग सोडा. गंजाची पकड अशीच तुटते. पाना नेहमी आपल्याकडे ओढा. पुढे ढकलताना तो सुटला की बोटं फ्रेमवर आपटतात. पाव फेरा सुटला की तेल, पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. घाई करू नका.

टॉप लिंकच्या, म्हणजे यंत्र ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याच्या, एका टोकाचे आटे उलटे असतात. तिथे जोर लावण्याआधी दिशा बघून घ्या.

फाळाच्या बोल्टांचं वेगळं आहे. त्यांचं डोकं मातीने घासून सपाट होतं, मानेची चौकोनी बाजू झिजते आणि नटाबरोबर अख्खा बोल्ट फिरतो. तिथे पान्याशी झगडू नका. नट छिन्नीने फोडा, बोल्ट नवा टाका. छिन्नीचं डोकं ठोकून पसरलं असेल तर आधी ते घासून घ्या, त्याची कपची डोळ्यात जाते. चष्मा घाला.

गॅसने तापवायचं तर नट तापवा, बोल्ट नाही. स्प्रे किंवा डिझेल लावलेल्या जागी ज्योत न्यायची नाही. आधी पुसा, खत धुवा, प्लॅस्टिकच्या नळ्या काढा. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर निघणारा धूर विषारी असतो, त्यामुळे उघड्यावर आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहूनच.

पाने-गोट्यांबद्दल एकच सांगतो. आठवडी बाजारातला चमकणारा 40 नगांचा डबा घेऊ नका, आणि दुकानदार म्हणतो म्हणून फणांचा पूर्ण नवा सेटही नको. तुमच्या यंत्राला लागणारे दोन-तीन मापांचे चांगले रिंग पाने पुरतात. बोल्ट मात्र डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेले घ्या.

बाकीची कामं:

- उगवणक्षमता: 100 दाणे गोणपाटात, 70 पेक्षा कमी उगवले तर बियाणं वाढवा
- बियाणं: हेक्टरी 75 किलो
- बीजप्रक्रिया: कार्बोक्सिन व थायरम मिश्रण 3 ग्रॅम प्रति किलो, नंतर रायझोबियम जिवाणू खत
- खत: हेक्टरी 30 नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश, गंधक 20 किलो
- चेन, चाकाचं बेअरिंग: ग्रीस
- नळ्या: फुंकून बघा

सुटलेला प्रत्येक बोल्ट ग्रीस लावूनच परत बसवा. त्याच मापाचे चार जादा नट-बोल्ट पेटीला बांधून ठेवा. पेरणी संपली की त्याच संध्याकाळी खताची पेटी रिकामी करून धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आणि इतकं करूनही वाफशाच्या दिवशी एखादा नट अडलाच, तर पाइप शोधत बसू नका. गावातल्या वेल्डरकडून नट कापून घ्या, नवा बोल्ट टाका, आणि बारा वाजायच्या आत रानात जा.